पडलेल्या विमानाची तपासणी आणि दुरुस्ती



नियंत्रण-तारेचे विमान जमिनीवर आदळले, की पहिला हात फेविक्विककडे जातो. तो आवरावा. तुटलेले सर्व तुकडे, नखाएवढी बाल्साची कपचीसुद्धा, कोठे व कशी पडली आहे हे पाहून मगच एका खोक्यात गोळा करावी. विमान का पडले याचा पुरावा त्या तुकड्यांत असतो आणि गोंद लावताच तो पुसला जातो.

ज्यांनी हे विमान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उडविणारा वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातील मुठीपासून विमानाच्या डाव्या पंखापर्यंत दोन बारीक पोलादी तारा जातात. पंखात बेलक्रँक नावाची त्रिकोणी पट्टी असते. तारा तिला ओढतात, ती पुशरॉड सरकविते आणि शेपटीवरील एलिव्हेटर वर-खाली होतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागातील छात्र अशी विमाने बनवितात व उडवितात.

विमान १ किलो वजनाचे, तारा १६ मीटर लांब आणि वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर एक फेरी सुमारे ५ सेकंदांत पूर्ण होते आणि तारांवर अडीच किलो वजनाइतकी ओढ पडते. म्हणून पहिला संशय तारांवर घ्यावा. टोकाचा फास सैल झाला आहे काय? कोठे मुरड पडली आहे काय? आपल्या दमट हवेत गंज तर चढला नाही ना? तारा शाबूत असतील तर एलिव्हेटर हाताने हलवून पाहावा. तो अडकत असेल तर दोष पुशरॉडमध्ये किंवा बेलक्रँकच्या खिळीत असण्याचा संभव आहे. मात्र ती अडकण अपघातापूर्वीची की आदळल्यामुळे झालेली, हे खुणा पाहून ठरवावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकालाही हेच करावे लागते. सर्व भाग ठीक निघाले, तर वाऱ्याने तारा ढिल्या पडल्या असतील किंवा उडविणाऱ्याला घेरी आली असेल. तेही वहीत लिहावे.

'का पडले' हा प्रश्न आपल्या खोऱ्यातील मुलांना नवा नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाची तुलना लाकडी विमानाशी करणे अनुचित होय. परंतु 'नशिबात होते' हे उत्तर तेथेही अपुरे आहे आणि येथेही. अतिवृष्टीचे पाणी उतारावरील मातीत मुरले, की तिचे वजन वाढते व खडकावरील तिची पकड सुटते. कारणावाचून कार्य घडत नाही, हे तथागतांनी शिकविले. कारण कळले, तरच पुढचा पाऊस येण्याआधी काही करता येते.

राइट बंधूंचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरने विमानाचे नाक फार वर उचलले. अवघ्या साडेतीन सेकंदांत ते खाली आले आणि पुढील भागाची मोडतोड झाली. चूक कोठे झाली हे ओळखून त्यांनी दुरुस्ती केली व १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. त्याच दिवशी विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर कापले. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, परंतु तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या यंत्राच्या मोडतोडीचीही नोंद नाही, त्याच्या उड्डाणावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राइट बंधू सायकली बनविणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते. आपल्या देशात ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांना पाटी नाकारली गेली, आणि ज्यांच्या हाती पोथी होती त्यांनी हत्यार हीन मानले. तुमच्या बाकावर आज वही आणि पटाशी शेजारी-शेजारी आहेत.

आता दुरुस्तीकडे वळू. इंजिनात माती गेली असेल तर पंखा मुळीच फिरवू नये. मातीचे कण आतील सिलिंडर ओरखडतात. आधी बाहेरून धुवावे, मग उघडावे. टवका उडालेला पंखा सांधू नये, फेकून द्यावा. वेगात तुटलेले पाते डोळा फोडू शकते.

लाकडात एरंडेल मुरलेले असते. त्यावर कोणताही गोंद धरत नाही. म्हणून थिनरने पुसून, वाळवून, काचकागदाने घासून घ्यावे. पंखाची मुख्य पट्टी तुटली असेल तर टोकाला टोक जोडू नये. दोन्ही टोके तिरकी तासून, जाडीच्या सहा-आठ पट लांबीचा सांधा करावा. बाल्साला फेविकॉल उत्तम. इंजिनाखालील कठीण लाकडाच्या पट्ट्यांना अराल्डाइट लावून रात्रभर दाबून ठेवावे. फेविक्विकचा सांधा झटपट होतो, परंतु धक्क्याने तडकतो. पावसाळ्यात फेविकॉल वाळण्यास दुप्पट वेळ द्यावा. बेलक्रँक पाहण्यासाठी पंखाचे आवरण कापावे लागले तरी कापावे. बरे दिसणारे पंख फाडण्यास मुले कचरतात, आणि लपलेला दोष तेथेच राहतो.

दुरुस्तीने वजन वाढते, विशेषतः शेपटीकडे. दोन बोटांवर विमान तोलून पाहावे. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव भागात यायला हवा. तो मागे सरकला असेल तर नाकाशी शिसे लावावे. नंतर विमान घट्ट धरून, ताणकाटा लावून तारांना विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ द्यावी. १ किलोच्या विमानाला १० किलो. या ओढीने काही सुटायचे असेल तर ते कार्यशाळेत सुटू द्या.

भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात. त्यांतील रुंद व सपाट खाचर निवडावे. वरून विजेच्या तारा जात असतील तेथे कदापि उडवू नये, कारण नियंत्रणाच्या तारा पोलादी आहेत आणि त्यांचे टोक तुमच्या हातात आहे. मुठीची दोरी मनगटात अडकवावी, बाकीच्यांनी वर्तुळाबाहेर राहावे. सकाळी वारा उठण्यापूर्वी पहिले उड्डाण करावे, केवळ समतल फेऱ्यांचे. उतरल्यावर पुन्हा इंधन भरण्याआधी प्रत्येक सांध्यावरून नख फिरवून पाहावे आणि जे आढळेल ते तारखेसह वहीत नोंदवावे.