चिखलाचा किनारा : दिवाळे येथील फेरफटके

सुट्टीत समुद्रकाठच्या घरी चार दिवस राहावयास मिळावे, असे कोणत्या मुलास वाटत नाही? परंतु समुद्रकाठ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू व माडांची रांग उभी राहते. नवी मुंबईतील बेलापूरजवळचे दिवाळे हे कोळ्यांचे गाव पनवेलच्या खाडीवर वसलेले आहे. येथे वाळू नाही, चिखल आहे. त्यामुळे पाहुणी आलेली मुले दुसऱ्याच दिवशी विचारू लागतात, "येथे पाहण्यासारखे काय आहे?" विद्यार्थिमित्रांनो, पुष्कळ आहे, मात्र ते पाहण्याची वेळ साधली पाहिजे.

वेळ कशी ओळखावी? खाडीचे घड्याळ म्हणजे चंद्र. तिथीच्या अंकास तीनाने गुणून चाराने भागावे. जो आकडा येईल, त्या सुमारास मुंबई बंदरात पूर्ण भरती असते. उदाहरणार्थ, चतुर्थीस सुमारे ३ वाजता व अष्टमीस सुमारे ६ वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, आणि बंदरातून खाडीत आत जावे तसतशी भरती थोडी उशिरा पोहोचते, हे ध्यानात ठेवावे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन पाणी फार चढते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते थोडेच चढते व थोडेच उतरते. तो भांग होय.

पहिला फेरफटका : धक्क्याकडे. होड्या येण्याच्या वेळी धक्क्यावर जावे. डोल हे जाळे पिशवीसारखे निमुळते असते. त्याचे तोंड पाण्याच्या ओढीसमोर बांधून ठेवतात. ओढ मासळी आत लोटते. म्हणजे येथे मासे पकडण्याचे निम्मे काम भरती-ओहोटीच करते! भांगाच्या दिवसांत ओढ मंद, म्हणून डोलीत मासळीही बेताची. कोळीबांधवांस पंचांग का पाठ असते, हे यावरून कळेल. वाळत घातलेली जाळी तुडवू नयेत. कोणा मावशीस मासळीचे नाव विचारावयाचे असल्यास विक्रीची घाई संपल्यावर नम्रपणे विचारावे.

दुसरा फेरफटका : तिवरांच्या कडेने. हा ओहोटीस करावा, परंतु बांधावरूनच. चिखलात एकही पाऊल टाकू नये, कारण तो गुडघ्यापर्यंत गिळतो व पाणी परतताना माणसाची वाट पाहत नाही. तिवराच्या भोवती जमिनीतून पेन्सिलीसारखे असंख्य खुंट वर आलेले दिसतील. ती श्वास घेणारी मुळे होत. चिखलात हवा नसते म्हणून झाडाने काढलेली ही युक्ती. पानास बोट लावून जिभेस लावा, खारट लागेल; झाड नकोसे मीठ पानावाटे बाहेर टाकते. जवळच निवटी हा मासा परांच्या आधाराने चिखलावर उड्या मारीत असतो. अंग ओले असेपर्यंत तो कातडीवाटेही श्वास घेतो. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी रोहित पक्षी आढळले तर भाग्यच. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नातून येतो.

तिसरा फेरफटका : किल्ल्याकडे. बेलापूरच्या किल्ल्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ पासून इंग्रज, इतक्यांची सत्ता त्याने पाहिली. एका चिखलाळ खाडीसाठी एवढी झुंज का? कारण पनवेलकडे जाणारी गलबते येथूनच जात. ज्याचा किल्ला, त्याचा जलमार्ग.

आता पालकांस दोन शब्द. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व या काठावर मोठे नगर उभे राहिले. खाजणे व मिठागरे भरावाखाली गेली. चिखल ही पडीक जागा आहे, अशी आपली समजूत असते. पण भरतीचे पाणी सामावून घेणारी, माशांच्या पिलांस आसरा देणारी जागा तीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवने तोडण्यास व तेथे भराव घालण्यास मनाई करणारा निकाल दिला. कायदा रक्षण करील. परंतु ज्या मुलाने निवटी पाहिली आहे, त्यास भरावाचा ट्रक पाहून वाईट वाटेल, आणि ते वाटणे कायद्याने उत्पन्न होत नाही. म्हणून मुलांस येथे आणावे.

सुट्टीतील अभ्यास : (१) सलग सात दिवस पूर्ण भरतीची वेळ टिपा व वरील ठोकताळ्याशी ताडून पाहा. (२) धक्क्यावर पाहिलेल्या दहा माशांची कोळ्यांच्या तोंडची नावे लिहा. (३) भरतीस व ओहोटीस एकाच जागी उभे राहून दोन चित्रे काढा. दोन्ही शेजारी ठेवाल, तेव्हा येथे पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न उरणार नाही.