‘इथेच तर जायचे आहे!’ : दुचाकीवरील लहान अंतरांविषयी

‘या वर्षी सर्वसामान्य वाचकाला उपयोगी पडेल असे काही लिहा,’ असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा मधुमेह, रक्तदाब हे नेहमीचे विषय समोर होतेच. परंतु ते आमच्या व्यवसायबंधूंनी यापूर्वी माझ्याहून अधिक अधिकाराने हाताळले आहेत. बेळगावच्या कॅम्प भागात गेली चाळीसहून अधिक वर्षे मी सामान्य वैद्यक व्यवसाय करीत आहे. या काळात ज्या वाहनावरून मी स्वतः फिरलो आणि ज्या वाहनावरून पडलेले रुग्ण सातत्याने पाहत आलो, त्या दुचाकीविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

माझी पहिली गाडी म्हणजे जुनी विकत घेतलेली लुना. १९७२ साली ही मोपेड बाजारात आली आणि सायकलवरून उतरू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला पहिल्यांदाच इंजिनाचे सुख परवडू लागले. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावे लागे, चढ आला की पायडल मारून इंजिनाला हातभार लावावा लागे, आणि पुढे अडकवलेली औषधांची बॅग प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यावर आपटे. तरी त्या गाडीने मला रात्री-अपरात्री किती घरी पोहोचवले याची गणती नाही. कॅम्पमधून किल्ल्यापर्यंत, गोवावेसपर्यंत वा टिळकवाडीपर्यंत जायचे तर दहा-पंधरा मिनिटे पुरत. लष्करी छावणीचे रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडे, त्या काळी रहदारीही बेताची. अशा ठिकाणी कोणाला भीती वाटावी?

आणि नेमके तेच या लेखाचे सूत्र आहे. पडून आलेल्या रुग्णाला ‘कुठे निघाला होतात?’ असे विचारण्याची मला सवय आहे. ‘पुण्याला’ किंवा ‘गोव्याला’ असे उत्तर क्वचितच मिळते. दळण, पाव, मुलाला शाळेत सोडणे, पेट्रोल भरून येणे अशी उत्तरे असतात आणि त्यांच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते : ‘डॉक्टरसाहेब, इथेच तर जायचे होते.’

लांबच्या प्रवासाला निघणारा मनुष्य हवा तपासतो, हेल्मेट घालतो, कागदपत्रे घेतो. जवळच्या कामासाठी तो चपला सरकवतो आणि निघतो. ‘मी वीसच्या वर जात नाही’ हा युक्तिवाद त्याच्या तोंडी हमखास असतो. येथे शालेय पदार्थविज्ञान उपयोगी पडते. गाडीवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते. त्या उंचीवरून अडथळा न होता पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला टेकताना ताशी जवळजवळ वीस किलोमीटर वेगाने टेकते. हा वेग गाडीचा नव्हे, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा. गाडी उभी असली तरी तो मिळतोच. स्टँडवर लावता लावता कलंडलेल्या गाडीवरून पडून कवटीला भेग गेलेला रुग्ण मी पाहिला आहे.

आता एक प्रसंग सांगतो. तो मी आजवर मोजक्याच लोकांना सांगितला आहे.

ही गोष्ट १९८७ च्या पावसाळ्यातली. सकाळी आठच्या सुमारास पंचविशीतला एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. कॅम्पातल्या बेकरीतून पाव घेऊन घरी परतताना ओल्या पाल्यावरून त्याची मोपेड घसरली होती. कोपर खरचटलेले, कानाच्या वर थोडी सूज. ‘क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली, आता काही नाही,’ असे तो हसत म्हणाला. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, दोन गोळ्या दिल्या. पावाची पुडी भिजली म्हणून त्याला वाईट वाटत होते. बाहेर बाक भरलेला होता. मी त्याला जाऊ दिले. तो मोपेडला किक मारून स्वतः घरी गेला.

डोके दुखते म्हणून तो पडून राहिला. झोप लागली आहे, झोपू द्यावे, असे त्याच्या आईला वाटले, आणि आईला तसे वाटणे स्वाभाविकच होते. दुपारी दोन वाजता हाक मारली तर उत्तर नाही. मला बोलावणे आले तेव्हा त्याची एक बाहुली विस्फारलेली होती. कोल्हापूरला हलवण्याचे ठरले, गाडी मिळण्यात वेळ गेला, आणि निपाणी येण्यापूर्वी तवंदी घाटातच सारे संपले. मी गाडीत त्याच्या उशाशी बसलो होतो. त्याचे हेल्मेट घरी खुंटीवर होते, कारण जायचे ‘इथेच’ होते.

कवटीचे हाड आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिनी फुटून रक्त साचू लागले की, प्रथम थोडी बेशुद्धी, मग काही काळ पूर्ण शुद्ध, आणि नंतर झपाट्याने ऱ्हास, असा क्रम कधी कधी दिसतो. मधल्या शुद्धीच्या काळात रुग्ण बोलतो, हसतो, चालतो. हे मी पदवी परीक्षेत व्यवस्थित लिहिले होते. त्या सकाळी ‘क्षणभर अंधारी आली’ हे शब्द माझ्या कानांवर पडले, परंतु मी ते ऐकले नाहीत.

हेल्मेटचा शास्त्रीय इतिहासही अशाच एका डॉक्टरच्या हळहळीतून सुरू होतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील आपल्या घराजवळच मोटारसायकलवरून जात असताना, दोन सायकलस्वार मुलांना चुकवण्याच्या प्रयत्नात फेकला गेला आणि सहा दिवसांनी मृत्यू पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे हा विषय सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुसंख्यांना डोक्याची इजा होती, असे त्यांनी १९४१ साली दाखवून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे केले. ब्रिटनमधील नागरिकांना ती सक्ती लागू व्हायला १९७३ उजाडावे लागले. लष्कर पुढे आणि नागरिक मागे हे चित्र आम्हा कॅम्पवासीयांना नवीन नाही. छावणीच्या हद्दीपुरते डोक्यावर चढणारे आणि चौक ओलांडताच आरशावर जाऊन बसणारे हेल्मेट आम्ही रोज पाहतो.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मरण पावले. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातल्याने मृत्यू पावलेले म्हणून नोंदले गेलेले ५०,०२९ आणि त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती जानेवारी २०१६ पासून आहे. तरी पुढे नवरा हेल्मेटमध्ये आणि मागे पत्नी मोगऱ्याच्या गजऱ्यात, हे दृश्य काही दुर्मीळ झालेले नाही.

हेल्मेट घेताना त्यावर आयएसआय चिन्ह व ४१५१ हा मानकाचा क्रमांक पाहावा. टाळूवर टोपीसारखे बसणारे अर्धे कवच टाळावे. पट्टा बांधलेला नसेल तर पडताना हेल्मेट आधी निसटते आणि मग डोके आपटते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून साबूत दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो.

मागे बसणाऱ्यांविषयी आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण त्यांच्या इजा वेगळ्या असतात आणि जवळजवळ सर्व टाळता येण्याजोग्या असतात. पदर वा ओढणी मागच्या चाकात अडकून खाली खेचल्या गेलेल्या भगिनी आम्ही पाहतो. ओढणी गळ्याभोवती असेल तर परिणाम सांगायला नको. मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण, पाय ठेवण्याची जागा आणि धरण्यासाठी कडी, या तिन्ही गोष्टी मोटार वाहन नियमांनुसार गाडीला असल्याच पाहिजेत. गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकणाऱ्या तरुणांना त्यांच्या मातोश्रींनी जाब विचारावा. लहान मुलाची टाच स्पोकमध्ये गेली की कातडी पायमोज्यासारखी सोलून निघते आणि बरी व्हायला कित्येक आठवडे लागतात. सायलेन्सरचा चटका बहुधा उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूस बसतो. त्यावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई आणि हळद यांनी जखम रंगते, बरी होत नाही. पावसात मागे बसून उघडी छत्री धरणे हा मात्र आमच्या गावाचा खास प्रकार. वाऱ्याच्या एका झोताने ती छत्री गाडीचे शीड होते.

बेळगावचा पाऊस सर्वांना परिचित आहे. जूनमधील पहिल्या सरी मला विशेष धोक्याच्या वाटतात. रस्त्यावर महिनोन्महिने सांडलेले तेल व धूळ पाण्यात मिसळून निसरडा लेप तयार होतो. मुसळधार पावसात तो वाहून जातो, पहिल्या भुरभुरीत नाही. कॅम्पातील झाडांखाली कुजलेला पाला तेच काम पुढे चार महिने करतो. रेल्वे गेटवरचे ओले रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास चाक रुळाच्या कडेने सरकते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते ही समजूत आमच्या पिढीत फार. वास्तविक ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची खरी शक्ती तेथेच असते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत, गाडी सरळ असताना लावावेत. २०१९ पासून नव्या छोट्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडलेले आणि १२५ सीसीवरील गाड्यांत चाक न अडकू देणारी यंत्रणा येऊ लागली, पण आपल्या अंगणात उभी असलेली गाडी कोणत्या सालातली आहे ते पाहावे.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतील वाचकांसाठी ऊस हंगामाचा उल्लेख करतो. रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात जवळजवळ उभाच असल्यासारखा असतो. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली आणि उसाची टोके ट्रॉलीबाहेर आलेली. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपले की त्या क्षणी वेग कमी करावा, ‘पुढे रस्ता मोकळाच असेल’ असे गृहीत धरू नये.

सीमाभागातील एक व्यावहारिक बाब ओघाने सांगून टाकतो. कोल्हापूरच्या पासिंगची, म्हणजे एमएच-०९ ची गाडी घेऊन इकडे राहणारे पुष्कळ आहेत. एका राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधीच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. विम्याची मुदत मात्र कोणत्याही राज्यात संपू देऊ नये. अपघातानंतर आमच्यासमोर बसून कुटुंबे ज्या कागदासाठी रडतात तो हाच.

रस्त्यावर कोणी पडलेले दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणण्याची पद्धत सद्भावनेची असली तरी मानेच्या मणक्याला घातक आहे. तोंडात पाणी ओतू नये, अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, काच वर करावी. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता अनाठायी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयाने व मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची तरतूद आहे.

१९८७ च्या त्या आठवड्यातच मी एक चिठ्ठी हाताने लिहून काढली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला चोवीस तास एकटे ठेवू नये. रात्री दर दोन तासांनी उठवून नाव विचारावे. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, सुस्ती, असंबद्ध बोलणे, हातापायांतील अशक्तपणा, झटका, नाका-कानातून पाणी वा रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे. झोपेची गोळी व मद्य देऊ नये. शेवटची ओळ मी लाल शाईने लिहिली होती : गाडी स्वतः चालवत घरी जाऊ नये, किल्ली डॉक्टरांकडे ठेवावी.

पुढे ती सायक्लोस्टाइल झाली, नंतर छापली. एका बाजूस मराठी आहे. दुसऱ्या बाजूचे कानडी भाषांतर माझ्या कंपाउंडरने केले आणि माझ्या मजकुरातील दोन अवघड शब्द त्यानेच सोपे करून दिले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असतो, त्याच्या शेजारी सध्या तीन किल्ल्या आहेत. व्यवसायबंधूंना आपल्या दवाखान्यासाठी ही चिठ्ठी हवी असल्यास सायंकाळी सहानंतर केव्हाही येऊन घेऊन जावी.