शिट्टी वाजल्यानंतरचे दोन तास

परदेशात फुटबॉलची स्पर्धा बघायला निघालेला माणूस आधी तिकिटाचं विचारतो, मग विमानाचं. माझ्याकडे कुणी असं विचारायला आला की मी त्यालाच उलटं विचारतो, सामना संपल्यावर मुक्कामाला कसे जाणार? बहुतेक जण हसतात. "मिळेल की काहीतरी," म्हणतात. स्पर्धेत खरे हाल होतात ते या 'काहीतरी'पायी. खेळ नव्वद मिनिटांचा. त्यानंतर चाळीस-पन्नास हजार माणसं एकाच वेळी एकाच दिशेला चालायला लागतात, तेव्हाचे दोन तास ज्यानं आधी आखून ठेवलेत तोच स्पर्धा सुखानं बघतो.

२०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई चषक झाला. भारत पात्र ठरला होता, म्हणून आम्ही कोल्हापुरातली काही मंडळी निघालो. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलच्या गर्दीचं कुणी सांगायला नको. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब हा सामना ज्यानं बघितलाय त्याला धक्काबुक्कीची सवय असते. पण शाहू स्टेडियममधून आपण चालत घरी जातो. परक्या देशात घर नसतं, हॉटेल असतं, आणि ते कुठे आहे हे पॅकेज देणाऱ्या एजंटाच्या कागदावरून कळत नाही.

आमच्या कागदावर 'दोहा सिटी हॉटेल' असं लिहिलेलं. हॉटेल दोह्यात होतं हे खरं, पण सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन टॅक्सीच्या अंतरावर. दोह्याच्या मेट्रोच्या तीन मार्गिका आहेत, लाल, हिरवी आणि सोनेरी. तिन्ही मुशैरिब स्टेशनात एकत्र येतात. साधं तिकीट २ रियाल, दिवसभराचा पास ६ रियाल. रियाल तेव्हा तेवीसेक रुपयांच्या आसपास होता. म्हणजे दीडशे रुपयांच्या आत दिवसभर शहर पालथं घालता येत होतं. आणि आम्ही मेट्रोपर्यंत पोचायलाच रोज त्याच्या कितीतरी पट टॅक्सीला घालत होतो. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून एजंट खूश होता. म्हणून सांगतो, हॉटेलचे तारे मोजू नका, नकाशा उघडा आणि स्टेशनपर्यंत पायी किती मिनिटं लागतात ते बघा. दहाच्या वर जात असेल तर दुसरं हॉटेल शोधा. मार्गिका बदलायच्या स्टेशनाजवळ एक खोली जरा महाग पडली तरी ती घ्या.

मेट्रोचं आणखी एक. गाडीत कुटुंबांसाठी वेगळा डबा असतो. बायकापोरं बरोबर नसतील तर पुरुषांनी त्यात घुसायचं नाही, तिथला माणूस हात धरून उतरवतो. आणि शुक्रवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते. शुक्रवारचा बेत असेल तर वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा.

आता तिकिटं. या स्पर्धेची सगळ्यात स्वस्त तिकिटं २५ रियालपासून होती, म्हणजे सहाशे रुपयांच्याही आत. अधिकृत संकेतस्थळावर नाव घालून घेतली की फोनवर येतात. आमची तिकिटं पॅकेजात होती आणि ती निघायच्या आदल्या रात्री आली, तीसुद्धा तुकड्या-तुकड्यानं. चौघांच्या जागा चार वेगळ्या ठिकाणी. पॅकेजवाला 'तिकिटं नंतर देतो' म्हणाला की ओळखावं, त्याच्याकडे अजून ती नाहीत. तिकीट स्वतः घ्यावं, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या नावानं. फोनची बॅटरी दुपारीच संपेल इतके व्हिडिओ काढू नयेत. फाटकावर फोन बंद पडला तर पुढचं सगळं तिथल्या माणसाच्या मर्जीवर.

आपला पहिला सामना १३ जानेवारीला, शनिवारी, ऑस्ट्रेलियाशी. कतारात शुक्रवार-शनिवार सुट्टी. त्यामुळे तिथे नोकरी करणारी सगळी भारतीय मंडळी निळ्या जर्सीत आलेली. केरळची मंडळी तर ढोल घेऊन. अहमद बिन अली स्टेडियम हिरव्या मार्गिकेच्या टोकाला, अल रिफा स्टेशनजवळ. शिट्टी कुणाच्या हातात होती ते आवर्जून सांगावंसं वाटतं. जपानच्या योशिमी यामाशिता, पुरुषांच्या आशियाई चषकातल्या पहिल्या महिला पंच. पहिला अर्धा भाग आपण शून्यावर रोखून धरला. छेत्रीचा एक हेडर गोलच्या बाजूनं गेला तेव्हा आमच्यातला एक जण खुर्चीवर उभा राहिला तो खाली बसलाच नाही. नंतर ५० व्या मिनिटाला आपला गोलरक्षक गुरप्रीतनं मुठीनं परतवलेला चेंडू नेमका ऑस्ट्रेलियाच्या अर्विनच्या पुढ्यात पडला, आणि शेवटी दोन शून्य.

बाहेर पडल्यावर स्टेशनच्या दिशेनं लोखंडी कठड्यांचा नागमोडी रस्ता केलेला असतो. थोडी माणसं सोडतात, थांबवतात, पुन्हा सोडतात. ढकलाढकली नसते, पण पाय मोडतात. याला दोनच उपाय. एक, पाच मिनिटं आधी उठणे, आणि ते करणाऱ्यानं स्टेडियमला यावंच कशाला हे मला कळत नाही. दुसरा, मुळीच घाई न करणे. त्या मैदानाला लागूनच मॉल ऑफ कतार आहे. आम्ही आत गेलो, खाल्लं, बसलो, आणि तासाभरानं आलो तर गाडीत बसायला जागा. प्रत्येक मैदानाजवळ असं थांबायचं ठिकाण आधी हेरून ठेवावं. चहाची टपरी असली तरी चालते. दोह्यात मल्याळी मंडळींच्या चहाच्या दुकानात वेलची घातलेला करक चहा मिळतो, त्याच्या जिवावर मी बराच वेळ काढलाय. दरम्यान १५ तारखेला संक्रांत आली, तेव्हा अशाच एका दुकानात तिळगूळ वाटला. दुकानदारानं आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. उझबेकिस्तानकडून तीन गोल खाल्ले तो सामना मात्र त्यानंतरचा, त्यामुळे गोड बोलायचं बंधन तेव्हा कुणी पाळलं नाही.

सगळ्यात वाईट दिवस २३ तारखेचा. सीरियाशी सामना, अल बैत स्टेडियमवर, दुपारी अडीचला. हे मैदान बदूंच्या तंबूच्या आकाराचं, दिसायला अप्रतिम, पण आहे अल खोरला, दोह्याच्या मध्यापासून ३५-४० किलोमीटर. मेट्रो तिथे जात नाही. लाल मार्गिका लुसैलला संपते, पुढे बस. आमच्या गटातल्या सांगलीच्या एका कुटुंबाचं परतीचं विमान एजंटानं त्याच संध्याकाळचं काढलेलं. सकाळी हॉटेल सोडलं, बॅगा बरोबर. "साहेब, स्टेडियमवर लॉकर असतात," असं त्यांना फोनवर सांगितलेलं.

तपासणीच्या रांगेत पोचल्यावर तिथल्या मुलानं हिंदीतच सांगितलं, बॅग आत जाणार नाही. लॉकर? तो नुसता हसला. काका आणि मुलगा आत गेले, काकू दोन मोठ्या बॅगा आणि एक पिशवी घेऊन कठड्यावर बसल्या. त्यांनीच आग्रह केला, "तुम्ही जावा, एवढ्या लांब आलाय." आतून आरोळी उठली की त्या शेजारच्या स्वयंसेवकाला विचारायच्या, कुणाचा? ७६ व्या मिनिटाला उमर ख्रिबिननं गोल केला तेव्हा तो म्हणाला, सीरिया. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना आपण हरल्याचं वाईट वाटत होतं, बॅगांचं नाही.

सामना एक शून्य गेला. सीरिया त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत पोचला. मग बाहेर त्यांची कुटुंबं गात होती, नाचत होती, बसच्या रांगा हलत नव्हत्या. सूर्य कलला तसा समुद्रावरचा वारा बोचायला लागला. कतार म्हणजे वाळवंट, म्हणून आम्ही स्वेटर हॉटेलवर ठेवलेले. जानेवारीतली संध्याकाळ तिथे पाचगणीसारखी असते. बस लुसैलला, तिथून मेट्रो, मग विमानतळाच्या फाट्यावर गाडी बदलणे. काउंटर बंद झाल्यावर ते सांगलीचं कुटुंब विमानतळावर पोचलं. नवी तिकिटं त्यांच्याच खिशातून गेली, आणि एजंटानं 'ट्रॅफिकचं आम्ही काय करणार' असं म्हणून हात झटकले. त्या दिवशी बस आणि मेट्रो होती, ट्रॅफिक नव्हतंच, पण त्याला कोण सांगणार.

म्हणून एक नियम मी सक्तीचा करून टाकलाय. शेवटच्या सामन्याच्या दिवशी विमान नाही. रात्र तिथेच काढायची. आणि मैदानावर जाताना खिशात मावेल तेवढंच न्यायचं. पाण्याची बाटली, डबा, झेंड्याची काठी, सगळं फाटकावर राहतं.

बॅगेत काय न्यावं यापेक्षा काय नेऊ नये हे आखातात महत्त्वाचं. खसखस नको. आपल्याला ती स्वयंपाकघरातली वाटते, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. नुसती पुडी नव्हे, अनारसे, करंजीचं सारण, खसखस घातलेला घरचा कांदा-लसूण मसाला, सगळंच आलं. तंबाखूची पुडी, गुटखा, मावाही नको. झोपेच्या किंवा जोराच्या वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि आधी चौकशी करा. आमच्यातल्या एकाच्या आईनं मसाल्याची बरणी बांधून दिलेली. ती मुंबईच्या विमानतळावरच काढून ठेवली, म्हणून बरं.

कतारचं एक सुख होतं, सगळी मैदानं एका शहराच्या आसपास. दुसरीकडे हा हिशेब चालत नाही. २०२६ चा विश्वचषक तीन देशांत, १६ शहरांत, १०४ सामन्यांचा. तिन्ही देशांचे व्हिसाचे नियम वेगळे, आणि सामन्याचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही. शिवाय शहराच्या नावावर जाऊ नका. 'बोस्टन'चे सामने म्हणजे फॉक्सबरो, 'सॅन फ्रान्सिस्को'चे म्हणजे सांता क्लारा, आणि 'न्यूयॉर्क'चं मैदान नदीपलीकडे न्यू जर्सीत. न्यू जर्सीत मावसभाऊ असणं हा आपल्याकडे मोठा आधार मानतात, पण त्याला गाडी घेऊन बोलावण्याआधी सामन्याच्या दिवशी पार्किंग मिळणार का हे त्यालाच विचारा.

सामने निवडताना बड्या नावांच्या मागे धावू नका, असंही माझं मत. कतारमध्ये ताजिकिस्तान पहिल्यांदाच खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीत गेला. पॅलेस्टाइन पहिल्यांदा बाद फेरीत गेला. अंतिम सामन्यात कतारनं जॉर्डनला ३-१ हरवलं, अक्रम अफीफचे तीनही गोल पेनल्टीवर. आपल्याला ज्या उझबेकिस्ताननं धुतलं तो आणि जॉर्डन, दोघंही २०२६ च्या विश्वचषकाला पहिल्यांदाच पात्र ठरले. अशा संघांची माणसं आनंदानं वेडी होऊन आलेली असतात, आणि शेजारच्या खुर्चीत तसं कुणी असलं की सामना कसाही असो, पैसे वसूल.

आपला संघ मात्र २०२७ च्या आशियाई चषकात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानात सिंगापूरनं आपल्याला २-१ हरवलं आणि रस्ता बंद झाला. ती स्पर्धा सौदीत आहे, रियाध, जेद्दा आणि अल खोबर या तीन शहरांत. रियाध ते जेद्दा साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. तरी जाणारच असाल तर एकच शहर निवडा, तिथलेच सामने घ्या. दोन्ही शहरं करायला गेलात तर फुटबॉलपेक्षा विमानतळच जास्त बघाल.