कोऱ्या पाटीवरचं पहिलं क्रेडिट कार्ड

स्टेट बँकेत अधिकारी म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक २०२१ मध्ये रद्द झाली. निवड झाली होती, नेमणुकीचं पत्र हातात होतं. आडवा आला तो सिबिलचा पतनोंदींचा अहवाल. जाहिरात निघण्यापूर्वीच आपण सगळी थकबाकी फेडली होती, असं त्याचं म्हणणं होतं. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचं बिल थकवल्याची नोंद असलेला उमेदवार पात्र नाही, ही अट जाहिरातीतच होती. पैसे फिटले, पण नोंद राहिली.

बँकांच्या परीक्षांसाठी गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा निकाल नीट समजून घ्यावा. ‘म्हणजे कार्डाच्या वाटेलाच जायला नको’ असा अर्थ काही पालक काढतील. ऋण काढून सण न करण्याचे संस्कार आपल्या घरांत खोल रुजलेले आहेत आणि ते चांगलेच आहेत. पण कार्डच न घेतल्याने पत तयार होत नाही. पाच-सात वर्षांनी हाच मुलगा गृहकर्ज मागायला जाईल, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नसेल. अनेक बँका आता गृहकर्जाचा व्याजदर ठरवतानाही या पतनोंदींवरून काढलेला गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, पाहतात.

हा गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. तो काढणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही, त्याचा गुणांक शून्य नसतो, तो तयारच झालेला नसतो. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं. तरीही निर्णय बँकेच्या हाती असतो आणि नकार येतो. नकार आला की मुलं दुसऱ्या बँकेत अर्ज करतात, मग तिसऱ्या. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढची बँक ती पाहते. म्हणून एका वेळी एकच अर्ज करा.

पहिल्या कार्डाचा अर्ज कुठे करायचा? नोकरी लागली असेल तर ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे. तुमचा पगार त्यांना महिन्याच्या महिन्याला दिसतो, त्यामुळे काही महिन्यांनी बहुधा त्यांच्याकडूनच विचारणा होते. नोकरी नसेल किंवा नकार आला असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. मला तर पहिलं कार्ड म्हणून हाच मार्ग सगळ्यांत सुरक्षित वाटतो. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवायची, तिच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं. ठेवीवर व्याज चालू राहतं, फक्त कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही. बिल भरल्याची नोंद मात्र इतर कार्डांसारखीच होते. शिवाय मर्यादा छोटी असल्यामुळे चूक झाली तरी ती छोटीच राहते. वार्षिक शुल्क नसलेलं कार्ड निवडा आणि ‘पहिलं वर्ष मोफत’ आणि ‘कायम मोफत’ यांतला फरक अर्जावर सही करण्याआधी वाचा. विमानतळावरची लाउंज, पॉइंट, कॅशबॅक हे सगळं पहिल्या कार्डासाठी बिनमहत्त्वाचं आहे.

वडिलांच्या कार्डावर मुलासाठी जोडकार्ड घेण्याची कल्पना बऱ्याच घरांत निघते. खर्चाची शिस्त लावायला ते ठीक आहे, पण बिलाची जबाबदारी आणि नोंद मूळ कार्डधारकाचीच. मुलाची पत त्यातून तयार होत नाही. उलट शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या आणि सहकर्जदार पालकाच्याही अहवालात दिसतं. ते चालू असेल तर पाटी कोरी नाहीच. आणि मोबाइलवरच्या ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ या सुविधा बऱ्याचदा कर्जखातीच असतात. तिथे विसरलेले चारशे रुपयेही थकबाकी म्हणून नोंदले जाऊ शकतात.

आता बिलाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. समजा बिल ३०,००० रुपयांचं आहे आणि किमान देय पाच टक्के, म्हणजे १,५०० रुपये. तेवढेच भरले तर उशिराचा दंड लागत नाही, बँकेचा फोन येत नाही, मुलाला वाटतं सगळं सुरळीत आहे. पण उरलेल्या २८,५०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज लागलं, तर ते साधारण ९९७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८० रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा दीड हजार भरले, तर त्यातून मुद्दल फक्त सव्वातीनशेच्या आसपास कमी होतं. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्यातच मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

म्हणून कार्ड आल्याच दिवशी पूर्ण बिल बचत खात्यातून आपोआप वळतं होईल अशी सूचना बँकेला द्या. सूचना देताना ‘किमान देय’वर खूण राहिलेली नाही ना, हे पाहा. कार्डावर मोबाइलचं रिचार्ज, बसचा पास, मेसचे पैसे एवढेच खर्च ठेवा. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. गुणांक काढणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवून वाचा, स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही.

कार्ड नकोसं झालं तर बाकी फेडून बंद करायला सांगा. अशी विनंती बँकेने सात कामाच्या दिवसांत पुरी करायची आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. न मागता कार्ड गळ्यात मारण्यालाही त्याच नियमांत बंदी आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. पहिली काही बिलं मुलासोबत बसून वाचा; खर्चाची उलटतपासणी न करता, फक्त देय तारीख आणि एकूण रक्कम पाहायला. आणि मुलांनो, एखाद्या महिन्यात बिल झेपणार नाही असं दिसलं, तर देय तारखेच्या आधी घरी सांगा. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला की बँक थकबाकीची नोंद कळवू शकते.