कोपीवर जायच्या आधी थोडं ऐक

अगं, परभणीत स्वतःचा दवाखाना थाटायच्या आधी एक हंगाम ऊसतोडीच्या कोप्यांवर काढायचं तू ठरवलंस म्हणे. आईनं धास्ती घेतलीय, मला मात्र फार बरं वाटलं. फिजिओथेरपी शिकून या कामात मी तुझ्या आधी पडले, म्हणून चार गोष्टी सांगते. पटतील तेवढ्या घे.

कोपीला मी छावणीच समजते. निर्वासितांची छावणी म्हटलं की आपल्याला कॉक्स बझारमधले रोहिंग्या आठवतात. थोडं मागं गेलं तर दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिलेले हजारो पोलिश लोक, किंवा फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेले सिंधी. कायद्याच्या भाषेत ऊसतोड मजूर निर्वासित नाहीत. त्यांना घर आहे, गुढीपाडव्याच्या सुमारास ते परत येतात. पण गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून, पालम-सोनपेठच्या गावांतून, जिंतूरच्या तांड्यांवरून दसरा-दिवाळीला ट्रॅक्टर भरून निघालेलं कुटुंब चार-पाच महिने बांबू-ताडपत्रीच्या कोपीत राहतं. पाणी लांबून आणायचं, दवाखाना अनोळखी, आणि कर्नाटकात गेलं तर भाषाही परकी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून जास्त माणसं कारखान्यांच्या तळांवर अडकून पडली होती. त्यांना गावी सोडायला सरकारला वेगळा आदेश काढावा लागला. म्हणून म्हणते, उपचार करणाऱ्यापुढं छावणीत ज्या अडचणी असतात त्याच तुझ्यापुढं इथं येणार आहेत. मनाची तयारी तशीच ठेव.

सगळ्यात आधी सिटिंगचा हिशोब डोक्यातून काढून टाक. एक दिवसाआड ये, दहा सिटिंग घे, मग बघू, असं कॉलेजात चालतं. कोपीवर दुसरी भेट होईलच याची खात्री नाही. या शिवारातला ऊस संपला की टोळी रातोरात पुढच्या गावाला हलते. त्यामुळे जे द्यायचं ते पहिल्याच भेटीत त्या घरातल्या कुणाच्या तरी हातात उतरलं पाहिजे. तू हात लावलास की पेशंटला बरं वाटतं, तुलाही समाधान वाटतं, आणि तू निघालीस की सगळं जिथल्या तिथं. तुझ्यासमोर त्यांनी स्वतः करून दाखवेपर्यंत उठू नकोस. तीनच व्यायाम दे, पण ते पक्के करून घे. आणि शिकवताना बघून घे की दिवसभर लेकराजवळ असतं कोण. बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची बहीण असते. ती शाळेत असायला हवी, आणि हे तू तिच्या आईबापाला स्पष्ट सांग. पण आज त्या लेकराला उचलणारी तीच आहे, म्हणून आईला दाखवशील ते तिलाही दाखव.

आता पाठीचं बोलू, कारण कोपीवर शिरलीस की पहिल्या दहा जणी कंबरच धरून येतील. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, साखर बुडख्यात जास्त असते ना. म्हणजे पहाटेपासून कमरेत वाकून कोयता चालवायचा, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, मग ३०-४० किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. गाडी कधी रात्रीच येते, मग अंधारात चढायचं. अशा बाईला ‘वजन उचलू नका, आराम करा’ असं सांगितलंस तर ती मान डोलावेल आणि पुन्हा तुझ्याकडे येणार नाही. एक बाई मला म्हणाली होती, “ताई, वज्जं नाही उचललं तर मुकादमाची उचल कोन फेडील?” उचल म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमानं हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे. तिला काय उत्तर देणार?

म्हणून व्यायाम कामातच बसव. मोळी बांधून झाली की सरळ उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर, आणि पाच वेळा मागं वाकायचं. प्रत्येक मोळीमागं एकदा. वेगळा वेळ लागत नाही, म्हणून तो टिकतो. मागं वाकल्यावर कळ पायात उतरत असेल तर मात्र हा व्यायाम बंद कर, दुसरं बघ. मोळी उचलताना दोघींनी मिळून उचलायची, गुडघ्यात वाकायचं, मोळी अंगाजवळ ठेवायची. चुंबळ जाड आणि घट्ट हवी. डोक्यावर ओझं असताना मान वळवायची नाही, पाय वळवून अख्ख्या अंगानं वळायचं. हे तू कोपीच्या दारात बसून शिकवू नकोस, फडात जा. कोयता हातात घेऊन दोन सऱ्या तोडून बघ, मग तुझ्या तोंडून निघणारा सल्ला आपोआप बदलेल. आणि हे कायम लक्षात ठेव: पाऊल लुळं पडलं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली, तर व्यायाम नाही, मसाज नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना. मुकादमाशी भांडावं लागलं तरी.

बायकांचं एक दुखणं त्या आपणहून सांगणार नाहीत. अंग बाहेर येतं, खोकलं की लघवी होते, अंगावरून जातं. बाळंतपणानंतर पुरती उसंत न घेता ओझी उचलली की अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. पुरुष माणूस जवळ असताना विचारू नकोस. मुकादमासमोर तर नाहीच. पाणी आणायला किंवा चुलीपाशी सोबत जा, स्वतःच्या आईचं-मावशीचं बोल, मग त्या बोलतात. बीडमध्ये २०१९ साली काय उजेडात आलं ते तुला ठाऊक आहे. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांवर बायकांनी गर्भपिशवी काढलेली निघाली. बीड आपल्याला लागून आहे, आणि दोन्हीकडची माणसं एकाच फडात वाकतात. पाळीत काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यातून बाईला वाटतं, पिशवीच नको. तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोषही काढले की हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि मग तीच बाई पस्तिशीत गुडघे-कंबर घेऊन तुझ्यासमोर बसते.

तुझ्या हातात इथं बरंच काही आहे, बरं का. लघवी मधेच अडवायला जे स्नायू आवळावे लागतात ते ओळखायला शिकव, ते आवळून धरायचे आणि सोडायचे, दिवसातून तीनदा. मोळी उचलायच्या आधी ते आवळून घ्यायचे आणि श्वास सोडत उचलायचं. बाहेर आलेलं अंग नुसत्या व्यायामानं आत जात नाही, तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवच. पण पिशवी काढणं हा एकच इलाज नसतो, हेही तिला तूच सांग. आणखी कोण सांगणार?

सामानाची काळजी करू नकोस. १९८२ मध्ये थायलंडच्या सीमेवर कंबोडियाच्या निर्वासितांसाठी हँडिकॅप इंटरनॅशनल या संस्थेचं काम सुरू झालं, तेव्हा सुरुंगात पाय गेलेल्या माणसांना तिथं मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून पाय बनवून दिले होते. आपला जयपूर फूट घे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो अशा माणसांसाठी घडवला जी मांडी घालून बसतात, उकिडवी बसतात, चिखलातून अनवाणी चालतात. डेव्हिड वर्नर यांचं ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे १९८७ सालचं पुस्तक मिळालं तर जवळ ठेव. मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांतलं आहे, पण आपल्या तांड्यावर अगदी लागू पडतं.

जन्मतः मेंदूला इजा झालेलं, मान न धरणारं लेकरू कोपीवर दिवसभर झोळीत किंवा गोधडीवर आडवं असतं. त्याला बसवायला हजारोंची खुर्ची कुठून आणणार? कोपीच्या सावलीत जमिनीत एक खड्डा खण. लेकराचे पाय खाली सोडून कमरेपर्यंत आत बसेल एवढा. मागं आणि दोन्ही बाजूंना पाचट भरलेली पोती दाबून बसव, समोर जमीन सपाट ठेव म्हणजे तीच त्याची फळी. पहिल्यांदा लेकरू असं ताठ बसतं आणि आई कामावरून येताना त्याला समोर दिसते, तेव्हा त्याचा चेहरा बघ. जेवण भरवणंही सोपं जातं, ठसका कमी लागतो. दहा-पंधरा मिनिटांपासून सुरू कर आणि वाढवत ने. उन्हात नको, आणि जवळ कुणीतरी मोठं माणूस हवंच. चालायला शिकणाऱ्या मुलासाठी दोन बांबू त्याच्या कमरेच्या उंचीवर आडवे बांध. बांबू कोपीवर असतातच.

काही कामं मात्र कोपीवर सुरूच करू नयेत. तिरप्या पावलाचं बाळ घे. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं, मग बहुतेकांच्या टाचेची शीर मोकळी करायची, मग बूट आणि त्यांना जोडणारा दांडा. पहिले तीन महिने तो दिवसातले २३ तास घालायचा आणि पुढं चार वर्षांचा होईपर्यंत रात्री. दांडा झोळीत आडवा येतो, बाळ रडतं, दिवसभर दमलेली आई तो काढून ठेवते, आणि पाऊल पुन्हा आत वळतं. तिला बोल लावू नकोस. अशा बाळाचं प्लास्टर पाडवा ते दसरा या काळात, गावात असतानाच उरकलं पाहिजे. झोळीऐवजी बाळ कुठं निजवायचं हेही निघण्याआधी ठरलं पाहिजे. खरं सांगू, तुझं अर्धं काम कोपीवर नाहीच, ते गावात आहे. आणि गावात मागं राहिलेले म्हातारे? अर्धांग झालेला आजा, शेजारणीच्या भाकरीवर. हिवाळ्यात त्याच्याकडे कुणीच जात नाही. तिथंही फेरी ठेव.

कागदांचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड जिल्हा रुग्णालयातून लोक गावी असतानाच काढून घे, ते देशभर चालतं. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्र झालंय का, ते विचार. प्रत्येकाला एका कागदावर त्याचं दुखणं, झालेले उपचार आणि व्यायामाची चित्रं काढून दे, मराठीत. कर्नाटकात जाणाऱ्यांना इंग्रजीतही.

मुकादमाला शत्रू धरू नकोस, पण त्याच्या ट्रॅक्टरवर बसून कोपीवर जाऊ नकोस. त्याची माणूस म्हणून गेलीस तर बायका बोलायच्या नाहीत. तांड्यावरच्या म्हातारीला याडी, म्हणजे आई, म्हण, तिनं दिलेला कोरा चहा पी, मग वही काढ. एकटी राहू नकोस, रात्री परतायची सोय आधी बघ. पोट बिघडेल, काही लेकरं सुधारणार नाहीत, काहींचा पत्ताच लागणार नाही. तेव्हा मला फोन कर, कितीही वाजता.

आणि एक मागणं आहे. हंगामाची वाट बघत बसू नकोस. यंदा गाड्या भरायच्या आधी गंगाखेड आणि पालमची गावं फिरून घे, कुठल्या घरात कोण अंथरुणावर आहे आणि कोण कुठल्या कारखान्याला जाणार ते लिहून काढ. तुझ्या वर्गातल्या दोघी-तिघींना बरोबर ने. एकटीनं हे जिल्ह्याचं काम व्हायचं नाही.