चावीला तोवर हात लावू नकोस

बोरगाव मेघे, वर्धा

चि. नीलेश,


काल ताईचा फोन आला. आबांच्या घड्याळाला चावी देताना ती उलटी फिरली आणि तुझ्या अंगठ्याचं सालटं निघालं म्हणे. वर तिला ‘थोडंसंच लागलं’ सांगून मोकळा झालास. अरे, आठ दिवस घड्याळ चालवणारी कमान एका झटक्यात सुटते, तेव्हा थोडंसं कसलं? तोंड कुठं होतं तुझं? डोळ्यांवर चष्मा तरी होता का?

चावी उलटी फिरू न देणाऱ्या खिट्टीची स्प्रिंग बांधकामावरच्या काळ्या तारेची केलीस, हेही कळलं. ती तार सळया बांधायला मुद्दाम मऊ केलेली असते. वाकवली की वाकलेलीच राहते. मग खिट्टी दात्यात दाबून धरणार कोण? इंजिनिअरिंगला आहेस ना! पियानो वायर घे. ती मुळातच कडक असते, लाल तापवलीस तर मऊ पडेल. जाडी जुन्या स्प्रिंगएवढीच ठेव. गोल तार दुप्पट जाड घेतली तर ताठपणा १६ पट होतो. वळसा हवा त्याहून लहान घाल, सोडल्यावर तार उलगडते. पट्टीची करायची तर कार्बनचं पोलाद लाल करून तेलात विझवायचं, घासून चकचकीत करायचं आणि पितळी पत्र्यावर ठेवून पुन्हा हळूहळू तापवायचं. आधी पिवळा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. साधारण ३०० अंशाला निळा चढला की लगेच काढ. मोठी कमान मात्र विकतच आण, ते घरचं काम नव्हे. आणि घड्याळाच्या पाट्या उघडण्याआधी चावी घट्ट धरून, खिट्टी उचलून, कमान थोडी थोडी सैल सोडायची. चष्मा लावून!

आबा तो निळा नुसत्या नजरेनं पकडत. मला हाका मारत आणि मी सायकल काढून वर्ध्याला सिनेमाला पळे. पुढं शिकलो, पण तोवर विचारायला आबा नव्हते. तू घड्याळाला हात घातलास याचा राग नाही रे. उलट बरं वाटलं. डोळ्याचीच तेवढी धास्ती.

दिवाळीत ये. गांधीजींनी १९३८ साली उघडलेलं मगन संग्रहालय तुला दाखवायचं राहिलंच आहे. तिथले चरखे पाहू, मग घरी बसून खिट्टी नीट करू. तोवर घड्याळ बंद राहू दे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का, ते आजच कळव.

तुझा मामा