कुष्ठरोगी राजा बाल्डविन चवथा

क्रूसेड म्हणजे धर्मयुद्धें हें प्रकरण वाचतांना इंग्लंडचा रिचर्ड व सुलतान सलादीन हीं दोन नांवें आपल्या ध्यानांत राहतात. परंतु रिचर्ड पूर्वेस येण्यापूर्वीं ज्यानें सलादीनाशीं झुंज घेतली, तो जेरुसलेमचा तरुण राजा बाल्डविन चवथा बहुतेकांस अपरिचितच असतो. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

१०९९ सालीं क्रूसेडच्या योद्ध्यांनीं जेरुसलेम घेतलें, नगरांत भयंकर कत्तल केली, व तेथें आपलें राज्य स्थापिलें. बाल्डविनाचा जन्म ११६१ सालचा. त्याचा पिता अमालरिक ११६३ सालीं या राज्याचा राजा झाला. मुलगा सुमारें नऊ वर्षांचा असतां पित्यानें त्यास विल्यम नांवाच्या विद्वान् धर्माधिकाऱ्याच्या हातीं शिक्षणासाठीं दिलें. हाच विल्यम पुढें टायरचा आर्चबिशप झाला. त्यानेंच लिहिलेल्या इतिहासामुळें पुढील हकीकत आपणांस कळते.

सरदारांचीं मुलें खेळतां खेळतां एकमेकांच्या हातांस नखांनीं चिमटे काढीत. इतर मुलें ओरडत; बाल्डविन मात्र हूं कीं चूं करीत नसे. मुलगा मोठा सोशिक आहे, असें विल्यमास प्रथम वाटलें. पण तेंच पुन्हां पुन्हां घडूं लागलें, तेव्हां त्यानें मुलास जवळ बोलावून विचारपूस केली. उजवा हात व दंड सुमारें निम्मा बधिर झालेला! वैद्य झाले, लेप झाले. गुण आला नाहीं. पुढें तें कुष्ठ ठरलें. दुसरा एखादा शिक्षक असता तर मुलाच्या धैर्याची तारीफ करून स्वस्थ बसला असता, असें आम्हांस वाटतें. कातडीचा बधिरपणा हें या रोगाचें आरंभींचें लक्षण होय. १८७३ सालीं नॉर्वेच्या हान्सेननें त्याचे जंतू शोधिले, आणि आज वेळींच औषध घेतल्यास रोगी पूर्ण बरा होतो. बाल्डविनाच्या काळीं यांतलें कांहींच नव्हतें.

११७४ सालीं पिता वारला व तेरा वर्षांच्या बाल्डविनास राज्याभिषेक झाला. तो उत्तम घोडेस्वार होता. कोणी केलेला उपकार किंवा अपकार तो विसरत नसे, असें गुरु लिहितो.

११७७ सालीं सलादीन इजिप्तहून चाल करून आला. राजा अस्कलान शहरांत कोंडला गेला आहे अशा समजुतीनें त्याची फौज लुटीसाठीं पांगली. तोंच राजा बाहेर पडला, आणि २५ नोव्हेंबर रोजीं मोंजिसार येथें तिच्यावर तुटून पडला. विल्यम आपले स्वार ३७५ व शत्रू २६,००० सांगतो. शत्रूची संख्या फुगविलेली दिसते. पण सलादीनाचा मोड झाला व तो मोठ्या कष्टानें इजिप्तला परतला, यांत शंका नाहीं. राजाचें वय त्या वेळीं सोळा.

रोग मात्र हटेना. राजास संतति होणें नव्हतें. म्हणून बहीण सिबिला हिचा पति गी यास त्यानें ११८३ सालीं कारभारी नेमिलें. एव्हांना राजाची दृष्टि गेली होती, हातपाय निकामी झाले होते. गी सैन्य असूनहि शत्रूपुढें स्वस्थ बसून राहिला, तेव्हां राजानें त्यास दूर केलें आणि सिबिलेच्या पांच वर्षांच्या मुलास अभिषेक करविला. त्याच वर्षीं सलादीनानें करकच्या किल्ल्यास वेढा घातला. आंधळा राजा डोलींत पडून सैन्याबरोबर निघाला. तें सैन्य जवळ येतांच वेढा उठला.

११८५ सालीं, चोविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो वारला. भाचाहि पुढल्याच सालीं गेला, व ज्यास राजानें दूर केलें होतें तोच गी गादीवर आला. ४ जुलै ११८७ रोजीं हत्तीन येथें त्याचें सारें सैन्य बुडालें, आणि २ ऑक्टोबर रोजीं जेरुसलेम सलादीनाच्या स्वाधीन झालें.